चालू करू नये

वेटरने टेबल बाहेर ओढलं, मास्तर आत शिरले, भिंतीला चिकटलेल्या हिरव्या मखमली बाकावर टेकले, आणि वेटरने टेबल परत आत सरकवलं. पार पोटाला लागेपर्यंत. मागे भिंत, डावीकडे खांब, उजवीकडे माणसाएवढ्या झाडाची कुंडी आणि पुढे हे टेबल. आता तो वेटर पुन्हा येऊन टेबल ओढेल तेव्हाच सुटका.

"आरामात बसा हं, मास्तर," समोरच्या खुर्चीतून साहेब म्हणाले. "पाहुण्याला आतली जागा द्यायची, अशी इथली पद्धत आहे."

"हो, हो," मास्तर म्हणाले. उंदराच्या पिंजऱ्यातसुद्धा पावाचा तुकडा आतल्याच बाजूला लावतात, हे त्यांच्या मनात आलं, पण ते बोलले नाहीत.

आता हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्या वीस मजली टॉवरचे लिफ्टमास्तर. टॉवरला तीन लिफ्ट. एक नंबर आणि तीन नंबर काचेच्या, पाहुण्यांच्या, आत गाणी वाजणाऱ्या. मधली दोन नंबर सामानाची, पत्र्याची, भाजी-मासळी वर नेणारी आणि खरकटं खाली आणणारी. एकोणतीस वर्षं या तिघींची दुखणीखुपणी मास्तरांनी काढली. चौदाव्या मजल्यावरच्या या बड्या हॉटेलात, म्हणजे ते फ्रेंच की भूमध्य समुद्राकडचं की दोन्ही मिळून काय ते, मास्तर शेकडो वेळा आले असतील. पण मागच्या दाराने, हातात पान्हा घेऊन. पुढच्या बाजूला गालिचा आहे आणि तो इतका जाड आहे की आपल्याच बुटांचा आवाज येत नाही, हे त्यांना आज कळलं.

साहेब म्हणजे टॉवरचे मॅनेजर. त्यांनी काल निरोप पाठवला, उद्या दुपारी वर जेवायला या, मुलालाही आणतोय. मास्तरांच्या बायकोने सकाळी जुन्या टूथब्रशने त्यांच्या नखांतलं ग्रीस घासून काढलं. "एवढ्या मोठ्या ठिकाणी बोलावलंय, म्हणजे मान करणार असतील तुमचा," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "मान करणार की मान कापणार, ते गेल्यावर कळेल."

आणि साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत मास्तरांचा मुलगा. तोही याच टॉवरमध्ये, सकाळपाळीचा सुपरवायझर. सगळे त्याला ज्युनिअर म्हणतात. गेल्याच महिन्यात कायम झालेला, घरी पाच महिन्यांची मुलगी. एरवी बापाची टिंगल करण्यात पहिला नंबर, पण आज मान वर करत नव्हता. नुसता पाणी पीत होता. ग्लास रिकामा झाला की वेटर भरायचा, भरला की हा प्यायचा. लहानपणी काही लपवायचं असलं की हा पोरगा असाच माठाशी जाऊन उभा राहायचा. मास्तरांनी ते बघितलं.

वेटर पहिली ताटली घेऊन आला आणि पाठ केल्यासारखा बोलायला लागला. "सर, शेळीच्या दुधाचं चीज, उन्हात वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्हचा चुरा आणि वरून लॅव्हेंडरचा मध."

"लॅव्हेंडर?" मास्तर म्हणाले. "ते आम्ही एक नंबरमध्ये फवारतो तेच का?"

साहेब खो खो हसले. जरा जास्तच हसले. वेटरही ओठ दाबून हसला. ज्युनिअर हसला नाही.

मास्तरांनी एक घास घेतला. खरं सांगायचं तर छान होता, आंबट-गोड, वेगळाच. पण साहेब म्हणाले, "मास्तर, जेवता जेवता एक छोटंसं काम उरकून घेऊ," आणि मास्तरांचा हात थांबला. आता मास्तरांची एक सवय होती. काम करता करता विचार करायचा असला की हातातली हत्यारं खाली ठेवायची, पण कशीही नाही. पान्ह्याशेजारी स्क्रूड्रायव्हर, एकाला एक लागून, मुठी आपल्या बाजूला. तशी त्यांनी काटा-सुरी ताटलीत शेजारीशेजारी नीट ठेवली. आणि काय गंमत, अशी जोडून ठेवली म्हणजे खाऊन झालं असं इथे समजतात, वेटर आला आणि ताटली उचलून घेऊन गेला!

"अहो," मास्तर म्हणाले, पण ताटली गेलीसुद्धा.

"आवडलं नाही वाटतं?" साहेब म्हणाले. "असू द्या, अजून बरंच यायचंय."

मग त्यांनी पायाशी ठेवलेल्या बॅगेतून एक वही काढली आणि ग्लासांच्या मध्ये जागा करून ठेवली. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ती मळकी, लाल पुठ्ठ्याची, कोपरे फुगलेली वही. मास्तरांची वही. लिफ्टचं रजिस्टर.

झालं होतं असं. नऊ दिवसांपूर्वी संध्याकाळी मास्तरांनी दोन नंबर तपासली, तर तिचा ब्रेक झिजलेला. लिफ्ट मजल्याला बरोबर लागत नव्हती, वीतभर खालीच थांबत होती. त्यांनी लगेच स्विच पाडला, कुलूप घातलं आणि किल्ली खाली टेबलावर रजिस्टरमध्ये ठेवली. दाराला लावायची पाटी नेमकी रंगवायला गेलेली, म्हणून मग त्यांनी वहीत लिहिलं. आपल्या नेहमीच्या ठसठशीत अक्षरात, कारण बारीक अक्षर म्हणजे चोरटं अक्षर असं त्यांचं मत. त्यांनी लिहिलं, 'दोन नंबर. ब्रेक बदलेपर्यंत लिफ्ट चालू'. इथे पान संपलं. मागे शाई फुटते म्हणून ते पानाच्या एकाच बाजूला लिहायचे. त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या पानावर अगदी वर लिहिलं, 'करू नये'. खाली सही.

सकाळी सहाला ज्युनिअर कामावर आला. वर हॉटेलवाले बोंब मारत होते, मासळीच्या पेट्या खाली वितळत होत्या. त्याने वही उघडली, वाचलं. ब्रेक बदलेपर्यंत लिफ्ट चालू. बरं, बाबांनी लिहिलंय म्हणजे चालू. किल्ली घेतली, कुलूप काढलं.

अकरा वाजता हॉटेलच्या भांडीवाल्या मावशी ताटांची ढकलगाडी घेऊन दोन नंबरमध्ये शिरल्या. दार उघडलं, पण लिफ्ट वीतभर खाली. गाडीचं पुढचं चाक खाली गेलं आणि गाडीने मावशींना ओढून नेलं. खुबा मोडला, उजवं मनगट मोडलं. ताटं किती फुटली ते हॉटेलवाल्यांनी त्याच दिवशी मोजलं.

"उद्या चौकशीवाले येतायत," साहेब म्हणाले. "म्हणून हा एवढा कागद. नुसती सही."

कागद टाईप केलेला होता. मास्तरांनी चष्मा लावला. 'आदल्या संध्याकाळी मी दोन नंबरची लिफ्ट तपासली. लिफ्ट चालू होती. सदर कामगार महिलेने न बघता गाडी आत ढकलली.' खाली मास्तरांचं नाव आणि रेघ.

"पण साहेब, चालू नव्हती ती."

"असं तुम्ही म्हणता. वही काय म्हणते?" साहेबांनी बोट ठेवलं. "लिफ्ट चालू. तुमचंच अक्षर. कुणीही वाचावं."

"अहो, पुढे आहे ना! पान उलटा."

"उलटा तुम्हीच."

मास्तरांनी पान उलटलं. पुढच्या पानावर वर दुसऱ्या दिवसाची तारीख. करू नये कुठेच नाही. सहीपण नाही. त्यांनी परत मागे जाऊन बघितलं, परत पुढे. मग वही थोडी उघडी धरून शिवणीत अंगठा फिरवला. नखाएवढी एक पट्टी हाताला लागली. ब्लेडने कापलेली, सरळ, पट्टी धरून कापल्यासारखी.

तेवढ्यात दुसरी ताटली आली. वेटर म्हणाला, वांगं, टोमॅटो आणि भोपळ्याच्या जातीचं काहीतरी, पातळ चकत्या करून गोल रचलेल्या, नाण्यांची चवड लावावी तशा. मास्तरांनी काटा-सुरी उचलली, चकत्यांकडे बघितलं, एक तोंडात घातली आणि काटा-सुरी शेजारीशेजारी ठेवून विचारलं, "पान कुणी काढलं?"

वेटरने ताटली उचलली.

"कसलं पान?" साहेब म्हणाले.

ज्युनिअरने ग्लास उचलला. रिकामा होता. तरी त्याने तो तोंडाला लावला.

मास्तरांना समजलं. ते म्हणाले, "मी जरा हात धुऊन येतो." उठायला गेले तर मांड्या टेबलाला अडल्या, ग्लास किणकिणले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. वेटर धावत आला टेबल ओढायला. साहेबांनी बसल्या जागेवरून दोन बोटं हलवली आणि वेटर गेला.

"बसा हो, मास्तर. मासा तर येऊ दे. इथला केशर घातलेला मासा खायला लोक विमानाने येतात." मग पुढे वाकून, आवाज बारीक करून म्हणाले, "हे बघा, तुमच्या मुलाने वाचण्यात चूक केली, हे मला माहीत आहे. पण ते फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. मी काय त्याच्या वाईटावर आहे का? पोरगा हुशार आहे, पुढेमागे माझ्या खुर्चीत बसेल. तुमची सही झाली की प्रकरण मिटलं. आणि सही नाही झाली, तर उद्या ते विचारणार, किल्ली कुणी फिरवली? मग मी काय सांगू? तुम्हीच सांगा मी काय सांगू."

"आणि मावशी?"

"मावशीचं बघू काहीतरी."

"त्यांचा दोष लिहिलाय तुम्ही यात. मग त्यांना कोण काय बघणार?"

साहेबांचा फोन वाजला. ते "एक मिनिट हं" म्हणून काचेकडे गेले, पाठ करून बोलायला लागले. टेबलावर बाप, मुलगा आणि वही.

"बाबा, सही करा ना," ज्युनिअर म्हणाला. पहिल्यांदाच बोलला.

"पान तू काढलंस?"

ज्युनिअरने वही जरा लांब सरकवली.

"ब्लेडने? आणि पट्टी धरून?"

"साहेब म्हणाले, वही माझ्याकडे दे, पण आधी घरी नेऊन नीट बघ. नीट बघ म्हणजे काय ते मला कळलं."

"अरे, पण तूच कापलंस ना? तुझ्या हाताने?"

"हो, कापलं! कापलं, बाबा! घरी मुलगी रडत होती, ही विचारत होती काय करताय, आणि मी स्वयंपाकघरात उभं राहून कापलं." त्याचे डोळे लाल झाले आणि मग एकदम भडकला. "पण तुम्ही असं का लिहिलंत? एका ओळीत का नाही लिहिलं? एवढ्या ढब्बू अक्षरात लिहायचं कशाला?"

"जागा संपली रे."

"मग 'बंद' लिहायचं! एक शब्द. दोन अक्षरं! 'लिफ्ट बंद' लिहिलं असतं ना, तर आंधळ्यानेसुद्धा किल्ली फिरवली नसती. का नाही लिहिलं बंद?"

याचं उत्तर सगळ्या टॉवरला माहीत होतं. एकोणतीस वर्षांत मास्तरांनी वहीत 'बंद' हा शब्द एकदाही लिहिलेला नव्हता. माझी लिफ्ट बंद नसते, ते म्हणायचे, थांबलेली असते. एखाद्या पाहुण्याने "ही लिफ्ट बंद आहे का हो?" असं विचारलं, तर हे म्हणायचे, "बंद नाही, जरा टेकलीय." लोक हसायचे. वॉचमन मुद्दाम विचारायचे, काय मास्तर, आज कोण टेकलंय? आणि बिघाड झाला की वहीत ठरलेलं वाक्य, चालू करू नये. त्यांना स्वतःलाच त्याचं फार कौतुक. घरीसुद्धा सांगायचे. हा पोरगा लहान असताना, मांडीवर बसून, त्यानेच विचारलं होतं, बाबा, तुमच्या लिफ्ट कधीच बंद पडत नाहीत? आणि मास्तर म्हणाले होते, कधीच नाही.

"माझ्या तोंडातून निघत नाही तो शब्द," ते आत्ता हळूच म्हणाले.

"बघा. तुमच्या मिजाशीपायी मावशी पडल्या. आणि मी अडकलो."

हे मात्र वर्मी बसलं. कारण खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं, पण खोटं नव्हतं. मास्तरांनी मान खाली घातली. पोटाला टेबलाची कड रुतत होती, मागे ती मखमल पाठीला गरम व्हायला लागली होती, हॉटेलात कुठेतरी एक बाई हळू आवाजात परक्या भाषेत गात होती. सही केली तर पलंगावर पडलेल्या एका बाईच्या तोंडाला काळं. नाही केली तर समोर बसलेल्या या पोराच्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आपण चांगल्या कपड्यात जेवायला बसलोय. त्यांना क्षणभर वाटलं, करून टाकावी. एक रेघ तर ओढायची. मासा खावा, घरी जावं, बायकोला सांगावं, मान केला.

त्यांनी साहेबांचं पेन उचललं. ज्युनिअरने श्वास सोडला, तो त्यांना ऐकू आला.

मग त्यांनी कागद उलटा केला. पाठ कोरी होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि पहिल्यांदाच, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच, अक्षर बारीक काढलं. फार वेळ लागला. एका शब्दापाशी तर पेन थांबून राहिलं, शाईचा ठिपका मोठा झाला, आणि मग त्यांनी तो शब्द लिहिला. तीनदा लिहिला.

'दोन नंबरची लिफ्ट मी आदल्या संध्याकाळी बंद केली. ती बंद होती. बंदच राहायला हवी होती. वहीत मी तसं सरळ लिहिलं नाही, हा माझा दोष. अर्धं वाक्य एका पानावर, अर्धं दुसऱ्या पानावर. ते दुसरं पान आता वहीत नाही. भांडीवाल्या मावशींचा काहीही दोष नाही.'

खाली सही केली. पण अगदी खाली नाही. मध्येच.

ज्युनिअरने उलट्या बाजूने वाचलं. ओठ हलत होते त्याचे. "माझं नाव नाही यात," तो म्हणाला.

"नाही."

"पण ते विचारतील. पान कुणी काढलं, किल्ली कुणी फिरवली."

"विचारतील ना."

"मग तुम्ही काय सांगणार?"

"माझं मी लिहिलं," मास्तर म्हणाले. "तुझं मी लिहायचं नसतं. खाली जागा सोडलीय."

साहेब फोन खिशात घालत परत आले, बसले, कागद घेतला, वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त वाळलं. "मास्तर, हे काय पोरखेळ करताय? याची नोकरी जाईल."

"माझीही जाईल, साहेब. दोघं एकाच दोरावर लटकलोय."

"आणि मी हा कागद फाडला तर?"

"फाडा. मग उद्या मी तोंडी सांगीन. तोंडी सांगताना पान संपत नाही."

साहेब ज्युनिअरकडे वळले. "तू काहीतरी समजव तुझ्या वडिलांना." ज्युनिअर कागदाकडे बघत होता.

आणि त्याच वेळी मासा आला. मोठ्या खोलगट पांढऱ्या ताटात, केशरी रश्शात, वर कसली तरी हिरवी काडी उभी केलेली. असा वास आला की मास्तरांच्या पोटात कळ उठली. सकाळपासून उपाशी, आणि इथे दोन ताटल्यांत मिळून दोन घास. वेटरने ताट ठेवलं आणि तो नाव सांगायला लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, "बाळा, हे राहू दे. मला बाहेर काढ."

वेटरने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी दुसरीकडे बघितलं. वेटर बिचारा हात बांधून उभा. त्याचा काय दोष? आणि मग ज्युनिअर उठला. त्याने टेबलाचे दोन कोपरे धरले आणि जोर लावून आपल्याकडे ओढलं. त्याला काय सवय त्याची! टेबल तिरकं आलं, त्याचाच भरलेला ग्लास कलंडला, पाणी टेबलक्लॉथवरून पसरत वहीपाशी गेलं. मास्तरांनी आधी कागद उचलला, मग वही. वही साहेबांच्या हातात दिली. कागद ज्युनिअरपुढे कोरड्या जागी ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि त्या फटीतून अंग चोरून बाहेर आले.

"येतोस?" त्यांनी विचारलं.

ज्युनिअर उभाच होता. मग बसला.

मास्तर एकटे निघाले. काचेच्या लिफ्टने गेले नाहीत, चौदा मजले जिन्याने उतरले. नवव्या मजल्यावर गुडघा बोलायला लागला, तेव्हा जरा पायरीवर टेकले, परत उठले.

हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते सहा. मावशी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, पायाला वजन बांधलेलं. हलता येत नव्हतं, म्हणून दिवसभर छताकडे बघत असायच्या. मास्तरांना बघून म्हणाल्या, "अगंबाई, कोट घालून? माझ्या तेराव्याला आलात की काय आधीच?"

"जेवायला गेलो होतो," मास्तर म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

मग मावशींनी विचारलं, "सगळे म्हणतात, माझं लक्ष नव्हतं. खरं सांगा मास्तर, मला आता काही आठवत नाही. नव्हतं का हो माझं लक्ष?"

"होतं. लक्ष होतं तुमचं. लिफ्ट बंद होती."

मावशींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांच्या तोंडून हा शब्द ऐकून त्या चपापल्या असाव्यात. "मग सुरू कुणी केली?"

"माझ्या अक्षराने," मास्तर म्हणाले. "आणि बाकीचं उद्या कळेल."

मावशी डाव्या हाताने पांघरुणाची एक सुरकुती सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरगा नाही आला? रोज यायचा हो, आठ दिवस. दारातूनच बघायचा आणि जायचा. त्याला वाटायचं मी झोपलेय."

मास्तरांना हे माहीत नव्हतं. त्यांनी स्टूल पलंगाच्या आणखी जवळ घेतलं.

"बरं, जेवलात कुठे?"

"वर. तुमच्याच हॉटेलात. पुढच्या बाजूला."

"काय सांगता!" मावशींनी उशीवरून डोकंच उचललं. "नऊ वर्षं ताटं घासतेय मी तिथली. सगळं ओळखते, पण खरकट्यावरून. ते चीज असतं ना, ते थंड पाण्याने नाही निघत. आणि ते केशरी, खोलगट ताटातलं, त्याचा डाग स्पंजला धरतो. ते काय असतं हो?"

"मासा."

"वाटलंच मला. लागतो कसा?"

"वास बघितला फक्त," मास्तर म्हणाले. "पण वास फार चांगला होता, मावशी. समुद्राकाठी उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि मागून कुणीतरी लिंबू कापतंय."

मावशींनी डोळे मिटून ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि शेवटी ते गोड? छोट्या वाटीतलं? त्याच्या कडेला काचेसारखा तुकडा चिकटून बसतो बघा, तपकिरी. नखाने काढावा लागतो. कधीपासून मनात आहे, ते काय असेल."

"तिथवर थांबलो नाही मी."

"अरेरे. मग ते राहिलंच की."

"राहिलं," मास्तर म्हणाले.

"एवढीशीच असते वाटी," मावशी म्हणाल्या, आणि डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जोडून त्यांनी हवेत तिचा गोल करून दाखवला, आणि मास्तर त्या गोलाकडे बघत बसले.